तारेची लांबी : पेसमेकर आणि लांबचा विमानप्रवास

१९५८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात चार दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. ४ ऑक्टोबर रोजी 'बीओएसी' या ब्रिटिश कंपनीच्या 'कॉमेट ४' विमानांनी लंडन आणि न्यूयॉर्क अशा दोन्ही टोकांकडून उड्डाण केले आणि अटलांटिक ओलांडणारी पहिली जेट प्रवासी सेवा सुरू झाली. ८ ऑक्टोबर रोजी स्टॉकहोमला लागून असलेल्या सोल्ना येथील कारोलिन्स्का रुग्णालयात ऑके सेनिंग या शल्यविशारदाने आर्ने लार्सन नावाच्या ४३ वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात एक जाडसर चकती बसवली. पूर्णपणे शरीराच्या आत राहणारा असा हा जगातला पहिला पेसमेकर. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे त्या वेळी कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

आज छातीत पेसमेकर असलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदाच पंधरा-सोळा तासांच्या विमानप्रवासाला निघतो, तेव्हा त्याच्या आसनावर या दोन इतिहासांची गाठ पडते. त्याचे प्रश्न साधे असतात. विमानतळावरच्या तपासणीच्या कमानीतून जाता येईल का? इतक्या उंचीवर हे यंत्र चालेल का? परक्या मुलखात ते बिघडले तर कोणाकडे जायचे? डॉक्टर या प्रश्नांची उत्तरे पाच मिनिटांत देतात आणि ती बहुतेक वेळा दिलासा देणारीच असतात. तरीही भीती पुरती जात नाही. ती केवळ अज्ञानातून येते असेही नाही. या प्रत्येक प्रश्नामागे एकेका दशकाचा इतिहास उभा आहे, आणि कधी ना कधी तो प्रश्न अगदी खरा होता.

पेसमेकरचा इतिहास सहसा यंत्र लहान लहान होत गेल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो वेगळ्या मापाने मोजायचा आहे. यंत्राच्या आधाराने जगणारा माणूस त्या आधाराच्या मूळ स्थानापासून किती दूर जाऊ शकत होता, हे ते माप.

भिंतीशी बांधलेले हृदय

थांबलेल्या हृदयाला विजेच्या सौम्य धक्क्याने पुन्हा हलवता येते, हे प्रत्यक्षात उतरवण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाले. सिडनीच्या क्राउन स्ट्रीट प्रसूती रुग्णालयात १९२८ साली मार्क लिडविल या डॉक्टरने मृतवत जन्मलेल्या एका अर्भकाच्या हृदयात सुई घालून, दिव्याच्या विजेवर चालणाऱ्या उपकरणाने ते धडधडते केले. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट हायमनने १९३२ साली असेच एक उपकरण वर्णन केले. त्याची शक्ती हाताने किल्ली देऊन मिळवावी लागे. जुन्या ग्रामोफोनला चावी द्यावी तशी चावी द्यायची, आणि तेवढ्यावर काही मिनिटे विजेचे ठोके मिळवायचे. यंत्राला 'पेसमेकर' हे नाव रूढ झाले ते हायमनमुळे.

१९५२ साली बोस्टनच्या पॉल झोल याने छातीवर बाहेरूनच विद्युतपट्ट्या लावून हृदय चालते ठेवता येते हे दाखवले. त्याच्या एका रुग्णाचे हृदय अशा रीतीने ५२ तास चालवले गेले. या उपचाराने जीव वाचत असे. मात्र प्रत्येक ठोक्याबरोबर छातीचे स्नायू आवळत, वेदना होत आणि कातडी भाजे. शिवाय यंत्र भिंतीतल्या विजेवर चाले. रुग्णाचे जग म्हणजे त्या तारेच्या लांबीएवढी त्रिज्या असलेले एक वर्तुळ.

१९५८ सालीच न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयात सीमोर फर्मन या तरुण डॉक्टरने शिरेतून तार सरकवत थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत नेली. त्यामुळे वेदना संपल्या, आणि पुढे जगभर हीच पद्धत रूढ झाली. त्याचा एक वृद्ध रुग्ण ९६ दिवस अशा तारेवर जगला. यंत्र चाकांच्या गाडीवर ठेवलेले असे आणि तिला वाढीव वायर जोडून त्याला रुग्णालयाच्या व्हरांड्यातून फिरवले जाई. हा व्हरांडा म्हणजे त्या काळचा लांब पल्ल्याचा प्रवास. त्याच वर्षी कोलंबियात, बोगोटा शहरी, होर्खे रेनॉल्ड्स या अभियंत्याने एका वयोवृद्ध धर्मगुरूसाठी जे यंत्र जुळवले ते मोटारीच्या बॅटरीवर चालत असे आणि त्याचे वजन सुमारे ४५ किलो होते. भिंतीपासून सुटका झाली, पण बदल्यात माणसाएवढे ओझे पदरी आले.

आपल्या लोककथांतल्या राक्षसाचा जीव सातासमुद्रापलीकडे, पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. राक्षस कितीही बलाढ्य असो, पोपटाची मान मुरगळली की तो संपला. शरीराबाहेर ठेवलेला जीव ही कल्पना कथेत अद्भुत वाटते. पन्नासच्या दशकातल्या या रुग्णांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती. फरक इतकाच की पोपट समुद्रापार नव्हता, भिंतीतल्या दोन भोकांत होता.

गळ्यातली पेटी

पोपटाची मान मुरगळली जाण्याचा प्रसंगही आला. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी अमेरिकेतल्या मिनिआपोलिस परिसराचा वीजपुरवठा काही तास खंडित झाला. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात वॉल्टन लिलेहाय हे जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करत. त्यांतल्या काही मुलांना शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस पेसमेकर लागे, आणि तो भिंतीतल्या विजेवर चाले. त्या दिवशी एका बालकाचा मृत्यू ओढवल्याचे सांगितले जाते. लिलेहाय यांनी रुग्णालयाची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकेन या अभियंत्याला यावर काही उपाय काढायला सांगितले. बाकेनने संगीताच्या सरावात ताल धरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मेट्रोनोमचे, एका लोकप्रिय इलेक्ट्रॉनिक्स मासिकात छापून आलेले रेखाटन आधाराला घेतले आणि काही आठवड्यांत ट्रान्झिस्टर व बॅटरी असलेली एक लहान पेटी तयार केली. ती गळ्यात अडकवून मुले वॉर्डात हिंडू लागली. हृदयाला ताल मिळाला तो संगीताच्या दुनियेतून, ही गोष्ट साहित्याच्या वाचकाला सुखावणारी आहे. महत्त्वाचे म्हणजे हे की भिंतीची तार पहिल्यांदा सुटली.

मात्र छातीतून तार बाहेर येतच होती. त्या भोकातून जंतुसंसर्ग होई. यापुढचे पाऊल कारोलिन्स्कामध्ये पडले. लार्सन यांना दिवसातून वीस-तीस वेळा हृदय थांबून मूर्च्छा येत असे. त्यांची पत्नी एल्स-मारी सेनिंग यांच्याकडे आणि रूने एल्मक्विस्ट यांच्याकडे खेटे घालत राहिली. एल्मक्विस्ट वैद्यकाचे शिक्षण घेऊन अभियांत्रिकीकडे वळलेले. शरीरात बसवता येईल असे यंत्र आमच्याकडे तयार नाही, असे तिला सांगण्यात आले. तर मग तयार करा, असा तिचा आग्रह होता. एल्मक्विस्ट यांनी विजेचे भाग इपॉक्सी राळेत बुडवून चकती ओतली. साचा म्हणून वापरली ती बुटाच्या पॉलिशची डबी. पहिले यंत्र काही तासांत बंद पडले. दुसरे बसवले, तेही फार टिकले नाही. पण जीव आता शरीराबाहेरच्या पिंजऱ्यातून आत आला होता.

या शोधानंतर सव्वा वर्षाने, फेब्रुवारी १९६० मध्ये, एल्मक्विस्ट यांचे असेच एक यंत्र दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे एका स्त्रीला बसवण्यात आले, आणि त्यावर ती काही महिने जगली. स्टॉकहोमहून पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धात. पेसमेकरने पहिला लांबचा प्रवास केला तो असा, कोणाच्याही छातीत नसताना. ही बाब पुढे पुन्हा आठवावी लागणार आहे.

अंतराऐवजी मुदत

तार सुटली तरी बांधिलकी सुटली नाही. तिचे फक्त माप बदलले. एल्मक्विस्ट यांच्या यंत्रातली बॅटरी शरीराबाहेरून वेटोळ्याच्या साहाय्याने भारित करावी लागे. अमेरिकेत बफेलो शहरी विल्सन ग्रेटबॅच या अभियंत्याने शल्यविशारद विल्यम चार्डॅक यांच्यासह जे यंत्र १९६० साली रुग्णांना बसवायला सुरुवात केली, त्यात पाऱ्याच्या बॅटऱ्या होत्या. त्यांना भारित करावे लागत नसे, पण त्या साधारण दोन वर्षांत संपत, कधी त्याआधीच. आता रुग्ण कितीही दूर जाऊ शकत होता. कधीपर्यंत, हा प्रश्न होता. बॅटरी कधी मान टाकेल याचा अंदाज नसताना महिनोन्महिने दूरदेशी राहणे म्हणजे जीव टांगणीला लावणेच.

यातून वाट काढण्यासाठी एक धाडसी उपाय पुढे आला. एप्रिल १९७० मध्ये पॅरिसमध्ये एका रुग्णाला अणुशक्तीवर चालणारा पेसमेकर बसवण्यात आला. त्यात प्लुटोनियम-२३८ या किरणोत्सारी द्रव्याचा सूक्ष्म अंश होता. या द्रव्याचे अर्धायुष्य सुमारे ८७ वर्षांचे. बॅटरीचा प्रश्न एका फटक्यात मिटला. पण प्रवासाचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. छातीत प्लुटोनियम घेऊन माणूस सीमा ओलांडणार, विमानात बसणार; विमान कोसळले तर? दूरदेशी त्याचा मृत्यू होऊन त्याला अग्नी दिला तर? १९७४ साली युरोपात या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानके ठरवली गेली, त्यांत आघात आणि दहन या दोन्हींत ते कवच टिकले पाहिजे अशी अट होती. मृत्यूनंतर यंत्र काढून परत देण्याचे बंधनही होते. कधीही न संपणाऱ्या बॅटरीचा माणूस असा कायमचा सरकारी नोंदवहीत अडकला.

सुटका झाली ती लिथियममुळे. ग्रेटबॅच यांनीच पुढे आणलेली लिथियम-आयोडीन बॅटरी १९७२ पासून पेसमेकरमध्ये वापरात आली. ती अनेक वर्षे चाले. शिवाय ती संपत येते ती हळूहळू, आधी सूचना देऊन. पाऱ्याच्या बॅटरीतून वायू निघत असल्याने यंत्र हवाबंद करता येत नसे. लिथियममुळे ते टायटॅनियमच्या सांधेबंद डबीत ठेवता येऊ लागले. या हवाबंद डबीचे विमानप्रवासाच्या दृष्टीने मोल मोठे आहे. बाहेरच्या हवेचा दाब कमी-जास्त झाला तरी आत त्याची वार्ता पोचत नाही.

ऐकणारे यंत्र आणि वाजणारी कमान

सुरुवातीचे पेसमेकर बहिरे होते. हृदयाने स्वतःहून ठोका दिला काय अन् न दिला काय, यंत्र आपले ठरावीक वेळाने धक्का देत राही. कधी कधी दोघांचे ठोके एकमेकांच्या आड येत, आणि ते धोक्याचे असे. साठच्या दशकाच्या मध्यास यंत्राला ऐकायला शिकवले गेले. हृदयाचा स्वतःचा ठोका ऐकू आला तर गप्प राहायचे, नाही आला तरच धक्का द्यायचा. ही मोठी सुधारणा होती. पण ज्याला ऐकू येते त्याला नको तेही ऐकू येते. मोटारीचे इंजिन, विजेची हत्यारे, स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टी यांच्या विद्युतलहरींना यंत्र हृदयाचा ठोका समजून गप्प बसले तर? सत्तरच्या दशकात अमेरिकेत मायक्रोवेव्ह भट्ट्यांजवळ पेसमेकरधारकांसाठी इशाऱ्याच्या पाट्या लागल्या त्या या भीतीतून.

नेमक्या याच काळात विमानतळांचे रूप पालटत होते. विमाने पळवण्याच्या घटना वाढल्या होत्या. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले, हे भारतातल्या वाचकांना आठवत असेल. अमेरिकेत ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक विमानप्रवाशाची तपासणी सक्तीची झाली आणि धातुशोधक कमानी सर्रास दिसू लागल्या. एकीकडे यंत्र नुकतेच ऐकायला शिकले होते, दुसरीकडे प्रवासाच्या वाटेवर चुंबकीय लहरींचे दार उभे राहिले. पेसमेकर आणि विमानतळ यांच्यातला संशय जन्मला तो या योगायोगातून.

तो संशय पुढे प्रयोगांनी फेडला गेला. म्यूनिकच्या हृदयरुग्णालयातल्या डॉक्टरांनी पेसमेकर किंवा हृदयाचे डिफिब्रिलेटर बसवलेल्या ३४८ रुग्णांना अशा कमानीतून नेऊन पाहिले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार एकाही यंत्राच्या कामात व्यत्यय आला नाही. हातात धरायच्या धातुशोधकाची अशीच चाचणी ३८८ रुग्णांवर झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्षही तोच होता. दरम्यानच्या काळात यंत्रांची आवरणे आणि गाळण्या सुधारल्या होत्या. त्यामुळे आजचा सल्ला साधा आहे: कमानीतून नेहमीच्या चालीने जावे, तिच्यात रेंगाळू नये, हातातला धातुशोधक यंत्रावर धरून ठेवू देऊ नये, यंत्राचे ओळखपत्र जवळ ठेवावे आणि वाटल्यास हाताने झडती घ्यायला सांगावे. कमान वाजू शकते. ती धातूला वाजते, हृदयाला नाही.

या ओळखपत्राचा थोडा विचार करण्यासारखा आहे. त्यावर यंत्राचा निर्माता, प्रकार, अनुक्रमांक, बसवल्याची तारीख आणि रुग्णालय यांची नोंद असते. पारपत्र माणूस कोणत्या देशाचा हे सांगते, हे पत्र त्याचे हृदय कोणत्या कारखान्याच्या आधारावर चालते ते सांगते. जी गोष्ट कित्येकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगितलेली नसते, ती परक्या देशातल्या अनोळखी शिपायापुढे, रांगेतल्या सर्वांच्या देखत, मोठ्याने उच्चारावी लागते. सुदैवाने 'पेसमेकर' हा शब्द जवळपास सगळ्या भाषांत तसाच समजतो. इंग्रजीचे एक वाक्यही धड जुळवता न येणारी आजी फ्रँकफर्टला छातीवर हात ठेवून हा एकच शब्द म्हणते, आणि पुढचे दार उघडते.

कळसूबाईच्या वर

प्रवासी विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जाते, पण आतल्या हवेचा दाब त्या उंचीचा नसतो. तो साधारणपणे १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका राखलेला असतो. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे मुंबईहून निघालेला प्रवासी पंधरा-सोळा तास कळसूबाईच्याही वर बसून असतो. तिथे प्राणवायू काहीसा विरळ असतो. हवाबंद पेसमेकरला त्याचे सोयरसुतक नाही. ज्या हृदयासाठी तो बसवला आहे त्या हृदयाला, फुप्फुसांना, रक्ताला मात्र आहे. म्हणून पेसमेकर घेऊन उडता येईल का, असा प्रश्न डॉक्टरपुढे आला की तो यंत्रापेक्षा माणसाकडे बघतो: जिने चढताना धाप लागते का, पायांवर सूज आहे का, हृदयाचा दुसरा काही विकार आहे का.

शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी उडावे याचेही ठोकताळे ठरलेले आहेत. ब्रिटनमधल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली मार्गदर्शक सूचना केल्या. गुंतागुंत न होता पेसमेकर बसवला गेला असेल तर दोन दिवसांनंतर विमानप्रवासाला हरकत नाही. पण शस्त्रक्रियेत फुप्फुसाला इजा होऊन छातीत हवा साचली असेल, तर ती पूर्ण गेल्यावर दोन आठवडे थांबावे, कारण कमी दाबात ती हवा प्रसरण पावते. दुसरी गोष्ट घरगुती आहे. पेसमेकर बहुधा डाव्या खांद्याखाली बसवतात, आणि हृदयातली तार पक्की रुजेपर्यंत काही आठवडे तो हात खांद्याच्या वर उचलायचा नसतो. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईने डिंकाच्या लाडवांची आणि मेतकुटाची पिशवी डोक्यावरच्या कप्प्यात स्वतः चढवू नये, हे कोणत्याही किरणांच्या भीतीपेक्षा जास्त महत्त्वाचे.

उरलेल्या शंकांचीही अशीच उत्तरे आहेत. चालताना ठोके वाढावेत म्हणून ऐंशीच्या दशकापासून पेसमेकरमध्ये शरीराची हालचाल ओळखणारी योजना आली. विमान हेलकावे खाऊ लागले तर तिला माणूस चालतो आहे असे वाटून ठोके किंचित वाढू शकतात; ते आपोआप उतरतात. फार उंचीवर अंतराळातून येणाऱ्या किरणांचे प्रमाण वाढते आणि एखादा कण यंत्राच्या स्मृतीत गडबड करू शकतो, पण असे अगदी क्वचित घडते, आणि घडले तरी यंत्र आपल्या राखीव रीतीने ठोके देतच राहते. मोबाईल फोन आणि चुंबक असलेले हेडफोन छातीवरच्या खिशात न ठेवता यंत्रापासून वीतभर दूर ठेवावेत. तासन् तास एका जागी बसल्याने पायातल्या रक्ताच्या गाठींचा धोका असतो, म्हणून मधून मधून उठून चालावे. हा शेवटचा सल्ला पेसमेकर नसलेल्यांनाही तितकाच लागू आहे.

अदृश्य तार

परदेशात यंत्र बिघडले तर काय, हा प्रश्न एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेगळ्या रीतीने सुटू लागला. यंत्र स्वतःच आपली माहिती बिनतारी मार्गाने डॉक्टरकडे पाठवू लागले. रुग्ण न्यू जर्सीत झोपलेला असताना त्याच्या ठोक्यांची नोंद पुण्यातल्या डॉक्टरला पाहता येणे आता शक्य आहे. २०१२-१३ पासून तर तार मुळीच नसलेले, औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढे पेसमेकर थेट हृदयात बसवले जाऊ लागले. इथे एक वर्तुळ पूर्ण झाल्यासारखे वाटते: भिंतीची तार गेली, छातीबाहेरची गेली, शेवटी हृदयातलीही गेली.

पण मग २०१७ साली अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरांच्या आज्ञावलीत दुरुस्ती करावी लागली, कारण कोणी घुसखोर बिनतारी मार्गाने त्यांच्या कामात ढवळाढवळ करू शकेल अशी फट तिच्यात आढळली होती. प्रत्यक्ष कोणाला इजा झाल्याची नोंद नव्हती. तरी लक्षात आले ते हे की तार तुटलेली नाही, ती दिसेनाशी झाली आहे. माणूस जितका दूर जाऊ शकतो तितकीच ती लांब होते, आणि तिचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे हे त्याला दिसत नाही.

सातासमुद्रापलीकडून

मराठी घरांत हा विषय शिरला तो स्थलांतरातून. एअर इंडियाने १९६० साली बोइंग ७०७ विमानांनी जेट युगात पाऊल टाकले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क गाठले. पुढच्या दशकांत डॉक्टर, अभियंते आणि नंतर संगणकतज्ज्ञ यांच्या पिढ्या अमेरिकेत स्थिरावल्या. २००७ साली मुंबईहून न्यूयॉर्ककडे विनाथांबा उड्डाणे सुरू झाली. मुले स्थिरावतात आणि नातवंडे जन्माला येतात तेव्हा आईवडिलांचे वय पेसमेकर लागण्याचे झालेले असते. त्यामुळे अनेकांच्या बाबतीत पहिला लांबचा विमानप्रवास आणि पहिला पेसमेकर एकाच वयात येतात. या प्रवाशासाठी वरच्या साऱ्या इतिहासाने वाट मोकळी केलेली आहे, आणि ती खरोखरच मोकळी आहे.

परंतु याच आकाशमार्गाने उलट दिशेनेही एक प्रवास झाला आहे. अमेरिकेत मरण पावलेल्या काही माणसांचे पेसमेकर, त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने, अंत्यविधी करणाऱ्या संस्थांमार्फत दान केले गेले. अशा १२१ यंत्रांपैकी ज्यांची बॅटरी पुरेशी शिल्लक होती अशी ५३ यंत्रे निर्जंतुक करून मुंबईत वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात गरीब रुग्णांना बसवण्यात आली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार जंतुसंसर्ग किंवा यंत्र बिघडणे अशी गंभीर गुंतागुंत त्यांत आढळली नाही. कॅनडातल्या माँट्रिअलहून मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या देशांकडे अशीच यंत्रे १९८३ पासून जात आली. त्यांचा पाठपुरावा २०२० साली प्रसिद्ध झाला. पुन्हा वापरलेली यंत्रे बसवलेले १,०५१ रुग्ण आणि नवी यंत्रे बसवलेले रुग्ण यांच्यात संसर्गाच्या बाबतीत लक्षणीय फरक दिसला नाही. अमेरिकेत मात्र एकदा वापरलेला पेसमेकर दुसऱ्या माणसाला बसवण्यास मान्यता नाही.

म्हणजे मुंबईतले ते त्रेपन्न रुग्ण ज्या यंत्रांवर जगले ती अर्धी पृथ्वी ओलांडून आली होती. त्या रुग्णांपैकी किती जण कधी विमानात बसणार होते? माँटेव्हिडिओच्या त्या स्त्रीप्रमाणेच इथेही यंत्राने प्रवास केला, माणसाने नाही. लोककथेतला जीव खरोखरच सातासमुद्रापलीकडे होता, आणि कोणा अनोळखी कुटुंबाने शोकाच्या घडीला पिंजरा उघडला म्हणून तो इथवर आला.

आर्ने लार्सन २८ डिसेंबर २००१ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी वारले. त्यांचे मरण हृदयाने आणले नाही, कातडीच्या कर्करोगाने आणले. तोवर एल्मक्विस्ट आणि सेनिंग दोघेही गेले होते; रुग्णाने आपल्या यंत्रकर्त्याला आणि शल्यविशारदाला मागे टाकले होते. त्रेचाळीस वर्षांत त्यांच्या शरीराने २६ पेसमेकर वापरले. एक माणूस आणि २६ नवी यंत्रे, हा आकडा वांद्र्याच्या त्रेपन्न जुन्या यंत्रांशेजारी ठेवून पाहावा. लार्सन यांना ती यंत्रे मिळाली यात काहीच गैर नाही. त्यांच्या शरीरावर झालेल्या प्रत्येक चुकीतून पुढच्यांसाठी यंत्र सुधारले. पण तारेची लांबी आता कशाने मोजायची याचे उत्तर या दोन आकड्यांमध्ये आहे. वीज, बॅटरी, कमान, उंची ही जुनी मापे मागे पडली. आज हृदयाचा रुग्ण किती दूर जाऊ शकतो, हे तो कोणत्या देशात, कोणत्या घरात जन्मला यावर ठरते. पहिल्यांदाच लांबच्या प्रवासाला निघालेल्या पेसमेकरधारकाने निर्धास्तपणे विमानात बसावे. फक्त, ते ओळखपत्र खिशात परत ठेवताना त्यावरचा अनुक्रमांक एकदा वाचून पाहावा. आपल्यानंतर या यंत्राचे काय व्हावे, हे घरच्यांना सांगून ठेवता येते.